पूर्ण बरा
मनोरुग्णालयातून धाकट्याला घरी न्यायच्या दिवशी थोरला भाऊ डॉक्टरबाईंपुढे अडून बसला. “तो अजून पूर्ण बरा नाही. मध्येच रडतो, शिलाई मशीनवर बसला की स्वतःशी पुटपुटतो. शांत, हसतमुख, कशानंही न डगमगणारा झाला की नेईन.” दिवसभर पेशंट तपासून बाईंचा जीव मेटाकुटीला आलेला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्ही चिडत नाही?” “रोज चिडतो. बायकोनं बोलणं टाकलंय.” “रडत नाही?” थोरला खाली बघत म्हणाला, “न्हाणीघरात. नळ सोडून.” “तुमच्या मापात बसणारं मन पुस्तकात असतं. त्या मापानं तुमची-माझीही खाट इथंच पडेल. त्याला काम जमतं, माणसं कळतात. घरी न्या.” दारात उभा राहून धाकट्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं आत येऊन थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चल, दादा. बसमध्ये तू झोप. उतरताना उठवीन.”