मयताची ओळख

मेलेल्या माणसानं शिंकायचं नसतं, हे बजावून सांगूनही रामकिसन शिंकला.

वर्ग हसला. दिघेसाहेबांनी त्याच्याभोवतीची खडूची रेघ पुन्हा ओढली, कपाळावर गेरूचं पाणी नव्यानं ओतलं आणि म्हणाले, "मयत, डोळे मीट. परत सुरुवात."

पालघरच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि तिथल्या चित्रकलेच्या खोलीत नव्या जमादारांना गुन्ह्याचा तपास शिकवायचा वर्ग भरला होता. दिघेसाहेब त्यासाठी पुण्याहून आलेले. खून खोटा, सुरा खरा, रक्त गेरूचं. प्रेत मात्र गवताचं नको, माणसाचंच हवं, असा त्यांचा हट्ट. गवत काही सांगत नाही, म्हणायचे. बोईसरच्या पुढे तारापूरला अणुशक्तीचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या मुकादमाकडे त्यांनी माणूस मागितला. नुसतं पडून राहायचं काम, तरी कोणी पुढे होईना. मेल्याचं सोंग अंगाला चिकटतं म्हणे. रामकिसन पुढे झाला.

त्याला मरणाचं भय कसलं? सातपाटीच्या, म्हणजे त्याच्या गावच्या लेखी तो चार वर्षांपूर्वीच मेला होता. रामकिसन हे नाव बांधकामावर घेतलेलं. त्याआधी तो नवशा होता, नवशा तांडेल, होडीचा म्होरक्या. वादळात होडी फुटली, खलाशी गेले, आणि तांडेल तेवढा एका फळकुटाला धरून किनाऱ्याला लागला. गेलेल्यांची नावं तो मनातसुद्धा घेत नसे. तांडेलानं माणसं न्यायची आणि माणसं परत आणायची, ही दर्यावरची रीत. एकट्यानं गावात कोणत्या तोंडानं शिरायचं? आज जाऊ, उद्या जाऊ करता करता त्याला दुसरं नाव पडलं, आणि तेच अंगवळणी पडलं.

बायकोला मात्र तो बघून यायचा. जमना मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. हा टांग्यांच्या आडून बघायचा. रस्ता ओलांडायला पाय उचलत नसे. मग हा वर्ग निघाला. साक्षीला एक बाईमाणूस हवं आहे असं कळल्यावर यानंच मुकादमाच्या कानात घातलं, की बाजारात जमना म्हणून कोळीण आहे, धीट आहे, तिला बोलवा. हिशेब त्यानं बसवून ठेवला होता. तिला सांगतील, हा माझा नवरा एवढं म्हण. तिनं ओळखून म्हटलं तर घर मिळालं. न ओळखता म्हटलं तर गेलं काय? कोणाला पत्ता लागणार नव्हता. बायकोची परीक्षा घ्यायची आणि आपण डोळे मिटून पडायचं, अशा युक्त्या पुरुषांनाच सुचतात.

पण जमना यायच्या आधी वर्गानं त्याला सोलायला घेतलं.

झुंबर म्हणून एक नगरकडचा जमादार होता. जिभेनं तिखट, नजरेनं त्याहून. त्यानं मयताचा तळवा उलथा करून उजेडात धरला. "हा घमेलं उचलणारा गडी न्हाई, साहेब. ह्ये आडवे वळ बघा. दोर पळालाय ह्याच्या हातातनं, लई वर्षं पळालाय."

दुसऱ्याला कानाचं बुजत आलेलं भोक सापडलं. तिसऱ्यानं डोळ्यांच्या कडांच्या बारीक सुरकुत्या दाखवल्या आणि म्हणाला, पाण्यावरचं ऊन खाल्लेला माणूस आहे. साहेब खूश झाले. मग हा बांधकामावर काय करतोय, असं त्यांनी वर्गाला विचारलं.

"दडलाय," झुंबर म्हणाला.

खडूच्या रेघेत रामकिसनला घाम फुटला. उठावं तर सोंग फुटतं, पडून राहावं तर कातडं निघतंय. मयताला घाम येत नसतो, असं म्हणून साहेबांनी कोणाला तरी पुठ्ठ्यानं वारा घालायला बसवलं.

जमनाच्या आधी सुकटीचा वास आत आला. मग पावलं. पाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. पावलं त्याच्या उशाशी येऊन थांबली.

"बाई, हा कोण?" दिघेसाहेबांनी विचारलं.

"माजा नवरा."

परवचा म्हणावा तशी ती म्हणाली. रामकिसननं आशा सोडली. ओळखलं नव्हतं तिनं.

झुंबरला मात्र खोटा साक्षीदार पकडायची घाई होती. त्यानं विचारलं, नवरा म्हणतीस तर अंगावरची एखादी खूण सांग.

"उजव्या कुशीला भाजल्याचा डाग हाय," जमना म्हणाली. "होडीला डांबर लावताना सांडलंवतं. आमचं लगीन झालं त्या साली."

झुंबरनं सदरा वर केला. डाग होता. वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी साक्षीदार काय पढवलाय, असं जमादार म्हणाले. दिघेसाहेब जरा गोंधळले, कारण तो डाग त्यांनीही आत्ताच पाहिला होता. पण टाळ्या नको म्हणणारा मास्तर अजून जन्माला यायचाय.

रामकिसनच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून गेरूत मिसळलं. आता वर्ग सुटेल. आपण उठू, तोंड धुऊ, तिची पाटी आपण घेऊ आणि सातपाटीच्या रस्त्याला लागू. वाटेत पहिला शब्द कोणता बोलायचा, हेसुद्धा तो ठरवू लागला.

साहेब रंगात आले होते. "ओळख पटली म्हणायची. मग बाई, मयत ताब्यात घ्या. घरी न्या तुमच्या."

"नको."

हे काही शिकवलेलं नव्हतं. साहेबांनी हसत हसतच विचारलं, का हो?

जमनानं पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"ह्याच्या होडीवर माजा भाऊ होता, सायब. धाकटा. ह्याच्या भरवशावर आयनं धाडलावता. तो आलाय का हितं? नाय ना. मंग हा पन नाय आला."