वरची पट्टी

गोधडीवर शिवलेली लाल पट्टी दिसली आणि ती दारातच थबकली.

भांडी विसळून ती नुकती स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येई, त्यात नळ सोडलेला. इकडे शिलाई मशीन चालू झाल्याचा तिला पत्ताच लागला नव्हता. सासूबाई मशीनवर बसून दोरा तोडत होत्या. समोर तिने भावाच्या तान्ह्या मुलीसाठी शिवलेली गोधडी, आणि तिच्यावरच्या आकारांच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर रुंदीची ती पट्टी.

"बघ, कसं छान बसलं," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून सगळं नुसतं तरंगत होतं."

तरंगतंच ठेवलं होतं तिने. कागदाचा साचा नाही, खडूची खूण नाही. जुन्या साड्या आणि शर्टांच्या चिंध्या कात्री नेईल तशा कापल्या आणि एकमेकींना जोडल्या. नवऱ्याने विचारलं तेव्हा एकेकावर बोट ठेवून सांगितलं: ही खुर्ची, हे बदक, ही काठी, हा चमचा आणि चमच्यावरची वाफ. "बदकाला चोच कुठाय?" म्हणून तो हसला होता. तिच्या भावाकडे जाणारी प्रत्येक वस्तू तो उलटीपालटी करून बघायचा. मागे चपलेच्या तळाशी त्याला चिठ्ठी सापडली, तेव्हापासून तिचा तो कान तसा. आज सकाळी त्याने गोधडी झटकली, शिवणी चाचपल्या, हाती काही लागलं नाही म्हणून सोडून दिली. भावाला तरी ते वाचता येईल का, याची तिला खात्री नव्हती. नवऱ्याला येत नाही, एवढ्यावर तिने भागवलं होतं.

आता त्या पट्टीखाली खुर्ची खुर्ची राहिली नव्हती की बदक बदक. पहिलीतल्या पोरानेही घडाघडा वाचावं: मला ने.

"आई, हे काय केलंत?" तिने विचारलं. सासूबाई पडल्या ठार अक्षरशत्रू, त्यांना दोष तरी काय द्यायचा. तिने कात्री उचलली, कडेचे दोन टाके उसवले. खाली हॉर्न वाजला. जिन्यावर पावलं आली.

"झालं का? गोधडी न्यायला गाडीवाला थांबलाय खाली."

तिने कात्री पाठीमागे नेली. गोधडीची घडी घालायला हवी होती, पण तो आत आलाच. नवऱ्याने गोधडी उचलली, दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरली. सकाळी नसलेली पट्टी त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"हे काय? मलाने?" त्याने कपाळाला आठी घातली. "मलाने म्हणजे काय?"

सासूबाईंनी पट्टी मध्ये कुठेही न तोडता सलग मारली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिला त्या चुकीच्या शब्दाचा आधार वाटला. मुलीचं नाव ठेवलंय म्हणून सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात त्याचे ओठ पुन्हा हलले.

"मला... ने."

तो तिच्याकडे वळला नाही. आधी त्याने दार लावलं.

"मीच सांगितलं तिला," सासूबाई म्हणाल्या. मशीनचं चाक हाताने फिरवून त्या सुई वर घेत होत्या. "बाळ बघायला मला ने, असं लिही म्हटलं. तुला सांगून सांगून थकले मी."

"तू सांगितलंस?"

"पट्टीपण मीच लावली. विचार तिला."

तो बायकोकडे बघत राहिला. तिने मान डोलावली.

खालून पुन्हा हॉर्न आला, आणि तो हसला. "आई, तुला न्यायला आता एकच जण येणार आहे. त्याला चिठ्ठी लागत नाही." गोधडीचा बोळा करून त्याने काखेत मारला आणि गाडीवाल्याला द्यायला तो बाहेर पडला. दाराला बाहेरून कुलूप लागलं.

ती होती तिथेच खाली बसली. कात्री अजून तिच्या मुठीत होती. तिने विचारलं, "तुम्हाला वाचता येतं?"

"कुठलं गं. पण पेपरातली अक्षरं रेघेला टांगलेली असतात, एवढं दिसतं मला. तुझी तेवढी टांगलेली नव्हती. तुझा भाऊ म्हणाला असता, ताईनं ठिगळं पाठवलीत."

"आणि काय लिहिलंय ते?"

"ते त्यानं वाचलं तेव्हा कळलं."

खाली गाडी सुरू झाली. तिचा आवाज पार लांब गेला. मग सासूबाई वाकून जमिनीवरच्या चिंध्या गोळा करू लागल्या. एक चिंधी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

"त्याची गाडी केवढी आहे गं," त्यांनी वर न बघता विचारलं, "तुझ्या भावाची?"