पुढचा कॅमेरा

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे सातआठ जण उभे होते आणि बहुतेकांच्या हातात एकच फोन होता. कंपनीचा सगळ्यात वरचा, याच वर्षीचा. एका निवृत्त मास्तरांचा फोन चार्ज व्हायला अख्खी दुपार घेत होता. त्यांच्यामागच्या बाईंचं म्हणणं होतं की मागच्या दोन मॉडेलांत जी बॅटरी होती, तीच यातही घातली आहे. कुणीतरी फोन उघडून दाखवणारा व्हिडिओच टाकलाय. मास्तरांनी मान हलवली. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." कुणी हसलं नाही. सगळे उभे राहून कंटाळले होते.

रांगेच्या शेवटी एक तिशीतली मुलगी वडिलांबरोबर उभी होती. वडील शिंपी. जन्मापासून त्यांना ऐकू येत नव्हतं, बोलणं सगळं हातांनी. ती दुसऱ्या गावी नर्स होती आणि रोज संध्याकाळी दोघं व्हिडिओ कॉलवर बोलत. अलीकडे पडद्यावर वडिलांच्या हातांचा नुसता धूर व्हायचा. बोटं कुठली, तळवा कुठला, कळायचं नाही. जुना फोन म्हातारा झाला, म्हणून तिने हा नवा पाठवला. धूर तसाच राहिला.

आज सुट्टी काढून ती बसमधून उतरली, तर वडील स्टँडवर फोनचं खोकं छातीशी धरून हजर. तिथून दोघं थेट इथे आले. वाटेत ती हातांनी बोलत राहिली, ते मानेने हो-नाही करत राहिले. खोकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं.

काउंटरवरचा माणूस चष्मा कपाळावर चढवून प्रत्येकाला तेच तेच सांगत होता. तिची पाळी आली तेव्हा त्याने आधी मागच्या कॅमेऱ्याचं कौतुक सुरू केलं, म्हणे चंद्रावरचे खड्डे दिसतात. तिने सांगितलं, मला चंद्राशी बोलायचं नाही, वडिलांशी बोलायचंय. त्यासाठी पुढचा कॅमेरा लागतो.

तो काउंटरवरून पुढे झुकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू ताई? पुढचा कॅमेरा तीन वर्षांपूर्वीच्या फोनमधलाच आहे. दरवर्षी नाव बदलतात, रंग बदलतात. हा तोच राहतो. आम्हीही वर कळवून थकलो."

"मग बदलून द्या."

"बदलून दिला तरी आत हाच निघणार."

तरी एकदा बघू म्हणून त्याने वडिलांचा फोन आतल्या कोपऱ्यात, उजेड कमी होता तिथे टेकवून ठेवला, त्यावरून तिच्या फोनला कॉल लावला आणि तिला दाराशी उभं राहायला सांगितलं. मग स्वतःच कॅमेऱ्यासमोर बसून हात हलवायला लागला. बोटं उघडली, मिटली, एकेक करून दुमडली. चित्र काही खास नव्हतं. कडा पुसट येत होत्या, हात भरभर हलवला की बोटं एकमेकांत मिसळत होती. पण ओळखू येत होती.

मग त्याने वडिलांना तिथे बसवलं. तिने दारातून खूण केली, बाबा, बोला काहीतरी. वडिलांनी खोकं मांडीवरून बाजूला ठेवायला बराच वेळ लावला. मग हात वर केले, आणि पडद्यावर धूर झाला.

तिने नजर उचलून दुकानाच्या त्या टोकाला बघितलं.

वडील अजून काही सांगत नव्हते. हात नुसते वर धरले होते, आणि ते थरथरत होते. असे हात ती वॉर्डात रोज बघायची. त्या हातांऐवजी पेशंटचा चमचा तीच तोंडापर्यंत न्यायची.

फोन पर्समध्ये टाकून ती आत आली आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. हे कधीपासून, तिने विचारलं. वडिलांनी ते उडवून लावलं. फोन खराब आहे, म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा सावकाश, एकेका खुणेवर थांबत त्यांनी सांगितलं, की सुईत दोरा जात नाही. मशीनवर चादर टाकून ठेवली आहे. गिऱ्हाइकं आली तर पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पाठवतो.

"मला का नाही सांगितलंत?" हे तिने हातांनी विचारलं, आणि नकळत तोंडानेही. काउंटरवरचा माणूस उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला.

वडील रागावले नव्हते. "दोनदा सांगितलं," त्यांचे हात म्हणाले. "तू म्हणालीस, छान."

तिला आठवेना. पडद्यावर काही कळलं नाही, की ती हसून तसंच म्हणायची. पुन्हा पुन्हा विचारून त्यांना कशाला दमवायचं, म्हणून. आणि स्वतःही ड्यूटीवरून दमून आलेली असायची.

मागून कुणीतरी विचारलं, यांचं झालं का. काउंटरवरच्या माणसाने त्याला थांबायला सांगितलं.

तिने वडिलांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि घट्ट धरले. थरथर थांबली. वडील तिच्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण हात तिच्याकडे होते.

थोड्या वेळाने तिने ते सोडले.