मनीने खाल्ला तर पास

मांजरांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यात वास घेऊन माल पास करणं हे तिचं काम. तापानंतर तिला वास येईनासा झाला, पण नोकरी जाईल म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. रोजचा नमुना ती गुपचूप घरी न्यायची. तिच्या मांजरीने, मनीने खाल्ला की माल पास.

आज मनीने वाटी हुंगली आणि पलंगाखाली जाऊन बसली. हिने तीनदा वाटी पुढे सरकवली, मनी तीनदा मागे सरकली.

ती धावतच कारखान्यात गेली. "साहेब, कालचा माल पाठवू नका. खराब आहे."

"कशावरून?"

"वासावरून."

साहेबांनी हसत कागद पुढे केला. "अगं, तुला वास येत नाही हे मला केव्हाचं ठाऊक आहे. म्हणून तर तुला ठेवलंय. कर सही."