बिननावाची ओळ

स्मृतिकेंद्राच्या पडद्यावर एक बिननावाचा माणूस बोलू लागला. "विहीर खोल आहे. वर कुणी आहे का?"

केतकीला चूक कळली. इथे मृत माणसाच्या साऱ्या आठवणी एकाच ओळीत टाइप करत आणि तिचा जावास्क्रिप्ट कोड ओळीगणिक एक बोलता माणूस उभा करी. भास्कररावांच्या पत्नीने, सुमनताईंनी, ते लहानपणी विहिरीत पडल्याचा प्रसंग एंटर दाबून नव्या ओळीवर लिहिला होता. कोडने त्याचा वेगळाच माणूस केला होता.

"घाबरू नका, मी केतकी आहे," असं त्याला सांगत तिने कोड दुरुस्त करून ती ओळ भास्कररावांच्या ओळीला जोडली.

भास्करराव बायकोशी भरभरून बोलू लागले. मग मध्येच थांबले.

"सुमन, ही केतकी कोण गं? माझ्या आतून कुणीतरी तिला हाका मारतंय."