ओलाराच्या डोक्यावरचा हात

युगांडाहून जेरुसलेमला बायबल शिकायला आलेला ओलारा वर्गात सगळ्यांत उंच. म्हणून हिज्कीया राजाने शहरात पाणी आणायला खोदवलेल्या बुटक्या भुयारात शिरताना वर्गाच्या शिक्षिका तिर्झाबाईंनी त्याला रांगेत शेवटी ठेवलं. गुडघाभर गार पाणी होतं. मधोमध, जिथे दोन्हीकडून खोदत आलेले मजूर एकमेकांना भेटले होते, तिथे बाईंनी दरवर्षीप्रमाणे सगळ्यांना विजेऱ्या विझवायला लावल्या. पुढची वाट अंधारात चाचपडतच काढायची.

छत खाली उतरलं की मागून एक खडबडीत तळवा येई आणि ओलाराचं डोकं मायेनं वाकवी. एकदाही कपाळमोक्ष झाला नाही.

उन्हात बाहेर येताच तो म्हणाला, "बाई, फार उपकार झाले! अंधारात तुम्ही माझ्यामागे येऊन डोकं वाकवत होता म्हणून वाचलो."

"मी? अरे लंबूराव, मी सगळ्यांच्या पुढे होते. तुझ्यामागे कोणीच नव्हतं."

सगळे खिदळले. ओलाराने मात्र भुयाराच्या तोंडाकडे वळून, छातीवर हात ठेवून मनापासून आभार मानले.

वर आता छत नव्हतं, निरभ्र आभाळ होतं. तरी तो तळवा पुन्हा आला, आणि वरून काही आदळायच्या आत वाकवावं तसा घाईघाईने त्याचं डोकं खाली दाबू लागला.

ओलारा निमूट वाकला.

बाकीचे सगळे ताठ उभे होते.