गोषातली आई

चुलीवर आधणाचं झाकण खडखडत होतं, अन् इकडं बैठकीत वाटणी चालली होती. झरी गावचे दोघे भाऊ वेगळे निघत होते. त्यांच्या मयत आईची दोन चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. एक अस्सल, दुसरी पाथरीत करून घेतलेली नक्कल. अस्सल दोघांनाही हवं होतं.

"आक्का, तूच वळख," दिनकरराव थोरल्या बहिणीला म्हणाले.

बायनाबाई वाकली. एका चित्रातल्या हातावर गोंदणाचे तीन ठिपके होते. नक्कल करणाऱ्यानं ते माशीचे डाग समजून गाळले होते.

"हे खरं," ती हसलीच. "गोंदण माझं हाय. आई गोषातली, हैदराबादच्या चिताऱ्यापुढं येती का? तुमी दोघं तवा मामाकडं. मलाच तिचं लुगडं नेसवून बसवलं, अन् पडद्याआडून त्याला सांगायली, 'नाक जरा बसकं काढा, एवढी देखणी न्हाई मी!'"

"म्हंजे इतकी वर्षं आमी तुझ्याच पाया पडायलो व्हय!" धाकटा बन्सीधर म्हणाला.

सगळे हसले. बायनाबाईच्या मांडीवरची लेक छबू तेवढी चित्राकडं बघत होती.

"आये, मंग आजी कशी दिसायची?"

बायनाबाईनं डोळे मिटले. आईचा आवाज लगेच ऐकू आला. चेहरा मात्र हा चित्रातलाच समोर येत राहिला.